बबलू चालतो, पण आईला सांगायचं नाही

मेहरूण, जळगाव
८ फेब्रुवारी, रविवार

ती. सौ. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (उठून घातला असता, पण मांडीवर बबलू झोपलाय आणि हा एकदा उठला की पत्र पुढच्या रविवारवर जातं.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची साखर? धुळ्याला थंडी उतरली का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. माय मजेत, मनी मजेत, बबलू मजेत, मी तर विचारूच नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. मी फोन लावला की माय शेजारी येऊन बसते, आणि तुझा फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर असतो, त्यामुळे आपण बोलतो ते मेहरूणपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून हे कागदावर. रतिलालभाऊ उद्या धुळे मार्केटला चाललेत, त्यांच्या हाती देतोय. सोबत बोरांची पिशवी आहे. पिशवी हलकी वाटली तर रतिलालभाऊंना काही बोलू नकोस, वाटेत माणसाला भूक लागतेच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला गोष्ट पहिल्यापासूनच सांगता येते. सात वर्षं शिक्षकभरतीची वाट पाहून तुझ्या भावजयीला, दिपमालाला, मागच्या ऑगस्टमध्ये ऑर्डर आली, तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर गावाचं नाव नीट वाचलं. गुहागर तालुका, रत्नागिरी जिल्हा. बबलू तेव्हा आठ महिन्यांचा होता. तिथे दोन शिक्षकांची शाळा, भाड्याची एक खोली, पोराला दिवसभर बघायला कुणी नाही. म्हणून तो मायकडे राहिला. मनीची इथली शाळा आणि माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणून आम्हीही राहिलो. दिपमाला एक पत्र्याची पेटी घेऊन गेली. दिवाळीला आली तेव्हा बबलू खाटेला धरून उभा राहायचा. ती रोज म्हणायची, हा माझ्यासमोर चालणार, बघा तुम्ही. सुट्टी संपेपर्यंत तो खाटेलाच धरून होता.

आणि अक्का, तो चालला संक्रांतीला. माय सुपात तीळ निवडत बसली होती. हा खाटेचा पाय सोडून निघाला आणि सहा पावलं टाकून सरळ सुपात जाऊन बसला. मायने तीळही आवरले नाहीत, त्याच्याच अंगावरून ओवाळून टाकले. मनी टाळ्या वाजवत होती, आणि मी दिपमालाला लावायला फोन हातात घेतला. घेतला आणि तसाच ठेवला. म्हटलं, दहा दिवसांनी आपण तिच्याकडे जाणारच आहोत. पहिलं पाऊल तिच्यासमोरच पडू दे. तिला काय कळणार आहे?

मायला हे पटलं नाही. ती म्हणाली, "तुन्हं डोकं ठिकाणवर शे का? मन्हा नातू चालस आनि तू त्याले लपाडी ठेवस?" पण मी ऐकलं नाही. मनीकडून वचन घेतलं, बदल्यात लाल बादली कबूल केली. (वाळूत खेळायची. सहा वर्षांची पोरगी, पण सौदा करताना दाणाबाजारातला अडत्या वाटते.) मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की मी बबलूला मांडीत असा आवळून धरायचो, की दिपमाला विचारायची, त्याला ताप आहे का?

बावीस जानेवारीला निघालो. जळगाव ते कल्याण रेल्वे, कल्याणहून चिपळूणची एसटी, पुढे गुहागरची दुसरी एसटी. मायने भरताची वांगी, कळण्याचं पीठ, शेव, बिबडे आणि बोरं असं सामान दिलं, जणू कोकणात माणसं उपाशीच आहेत. नाशिकच्या आत बबलू वांग्यांवर बसला. गाडीत त्याला खाली सोडला की तो डब्याच्या त्या टोकापर्यंत पळायचा, आणि मी म्हणायचो, मांडीत बसायची सवय मोडेल, बस इथे. समोरच्या मावशी म्हणाल्या, "अहो, चालू द्या की लेकराला." त्यावर आमच्या मनीने अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बबलू चालतो, पण आईला सांगायचं नाही!" त्यानंतर कल्याणपर्यंत लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ना अक्का, पोलीस आले नाहीत एवढंच.

गुहागरच्या स्टँडवर दिपमाला उभी होती. निळी साडी, अंगाने वाळलेली. मनीने गाडी थांबायच्या आधीच दाराकडे धाव घेतली आणि आईच्या कमरेला जी मिठी मारली ती खोलीवर पोचेपर्यंत सोडली नाही. बबलूने मात्र आईकडे पाहिलं आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. तिने हात पुढे केले, तर रडायला लागला. ती हसून म्हणाली, "नवीन जागा आहे, होतं असं." हे ती चौथ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. त्या रडण्यात बबलूने आणखी एक केलं. माझ्या खिशाकडे बोट दाखवून "आई, आई" करायला लागला. मला आधी कळेना. मग कळलं, त्याची आई माझ्या फोनमध्ये राहते. पाच महिने ती तिथेच राहत होती. समोरची बाई कोण, ते त्याला माहीत नव्हतं.

खोलीवर गेल्यावर दिपमालाने पदर खोचला, दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. बबलूने फोनमध्ये तिला पाहिलं आणि खदखदून हसला. ती बाहेरून बोलत बोलत आत आली. त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिच्या नाकाला बोट लावलं. एवढंच. तेवढ्यावर तिने त्या दिवशीचा स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी समुद्र. मनीने आयुष्यात पाणी म्हणून मेहरूणचा तलाव पाहिलेला. ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, याचा पलीकडचा काठ बांधायचा राहिलाय का?" मग विचारलं, याला पाणी वाघूर धरणातून सोडतात का, आणि आपल्याकडे नळ चार दिवसांनी येतो तर इथे रोज कसं. मी म्हटलं, खारट आहे, पिता येत नाही. तर म्हणते, मग एवढं साठवलंय कशाला?

माझा बेत असा. ओल्या वाळूवर बबलूला उभं करायचं, सहा पावलांवर दिपमालाने बसायचं, आणि पोरगं चालत जाईल. मी उभं केलं. त्याच्या तळव्याला वाळू लागली आणि त्याने दोन्ही पाय वर घेतले. पुन्हा ठेवला, पुन्हा वर. माझ्या हातांना लोंबकळणारा दुधीच. सपाट फरशीवर धावणारं पोर त्या दिवशी खोलीतसुद्धा रांगायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा किनारा, पुन्हा दुधी. माझा चेहरा बघून दिपमालाच मला समजवायला लागली, की घाबरू नका, काही मुलं दीड वर्षापर्यंत चालत नाहीत, आमच्या वर्गातला एक तर... तेवढ्यात मनी बादलीतून डोकं वर काढून म्हणाली, "आई, त्याला घरी येतं. इथे येत नाही."

अक्का, समुद्राचा आवाज किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं.

दिपमालाने विचारलं, "कधी?"

"संक्रांतीला."

"कुठून कुठे?"

मी सांगितलं. खाटेपासून सुपापर्यंत. किती पावलं? सहा. अंगात काय होतं? पिवळं झबलं, तिनेच शिवलेलं. पडला का? नाही, बसला. कोणाकडे बघत होता? मला आठवेना. ती म्हणाली, आठवा. मी तीन वेळा सगळं सांगितलं, मनीने चौथ्यांदा करून दाखवलं. मला वाटलं आता ती माझ्यावर खूश होईल, की नवऱ्याने केवढं जपलं. ती म्हणाली, "अहो, मला बघायला मिळालं नसतंच. पण माहीत तरी असतं. अकरा दिवस माझं पोरगं चालत होतं, आणि मी रोज शाळेत जाता-येता मनात त्याला रांगतानाच बघत होते." मग उठली, मनीची चप्पल धुतली आणि खोलीकडे निघाली. मी मागे, कडेवर दुधी.

(हे वाचून हसलीस तरी चालेल. मीही आता हसतो. त्या दिवशी नाही हसलो.)

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन. तेवीस मुलं, दोन शिक्षक, गावातली दहा-बारा माणसं. दिपमाला झेंड्याजवळ उभी, मी आणि मुलं व्हरांड्यात. व्हरांड्यात शहाबादी फरशी आणि पुढचं अंगण चांगलं चोपून सारवलेलं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं, मी सावधान. आणि माझ्या पायाजवळ बसलेला बबलू उठला. पायरीवरून उलटा उतरला आणि अंगणातून निघाला. मी त्याला धरू शकत नव्हतो, दिपमाला हलू शकत नव्हती, आणि अख्खं गाव ताठ उभं राहून डोळ्यांच्या कोपऱ्यांतून त्यालाच बघत होतं. अर्ध्यात पडला. कुणी हललं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला उचलायला कुणी येत नाही हे त्याला पटलं, मग ढुंगण आधी वर करून तो स्वतःच उठला. त्या तेवीस मुलांच्या रांगेपुढून, एकेकाकडे बघत, नेते लोक पाहणी करतात ना तसा गेला, आणि निळ्या साडीसमोर थांबून त्याने निऱ्या दोन्ही मुठींत धरल्या.

दिपमालाचं गाणं थांबलं नव्हतं, ओठ हलत होते. हात बाजूला सरळ, मान सरळ, आणि गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं म्हणतात. ते मी कधी मोजलं नाही, पण त्या दिवशी ते संपता संपेना, आणि संपूही नये असं वाटलं. घोषणा झाल्यावर ती वाकली आणि त्याला उचललं. तो रडला नाही. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, जसं काही मीच पाहुणा.

पुढचं थोडक्यात. दिपमालाच्या घरमालकीण प्रमिलाबाईंचा विहिरीवरचा पंप बंद होता. बघितला तर नुसता कॅपॅसिटर गेलेला. अर्ध्या तासात चालू करून दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आणखी तीन मोटारी. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आमच्या वाडीत सतरा पंप, नि दुरुस्तीक माणूस चिपळुणातून येतो, तोही वाटलं तर." मी हसून सोडून दिलं. अठ्ठावीसला निघालो. स्टँडवर बबलू आईच्या कडेवरून सुटेना, त्याची बोटं तिच्या गळ्यातून एकेक करून मी काढली. वर्षानुवर्षं तांब्याच्या तारा उलगडतोय, पण तसलं काम पुन्हा नको.

घरी येऊन दहा दिवस झाले. मनीने बादलीत समुद्राची वाळू आणलीय, ती रोज अंगणात पसरते आणि झाडून परत भरते. बाकी सगळं आधीसारखंच छान चाललंय, काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रेमराज

ता. क. बोरं फ्रीजमध्ये ठेवू नकोस, चव जाते.

ता. क. २. सगळे मजेत, सगळं छान असं वर दोनदा लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. अक्का, मनीची परीक्षा झाली की मी दोन्ही मुलांना घेऊन तिकडे राहायला जायचं म्हणतोय. रिवाइंडिंगचं यंत्र ट्रकने जाईल, सतरा पंप आहेतच. दिपमालाला आधी सांगितलं, या वेळी लपवलं नाही. पण मायला सांगायला जीभ उचलत नाही. बबलूला पाच महिने तिने वाढवला, आणि आता तो उचलून न्यायचा. तिला मी सोबत चल म्हणेन, पण हे घर, ही गल्ली सोडून ती येणार नाही, तुलाही माहीत आहे. तू मोठी आहेस. तू एकदा येऊन तिला सांग. मला जमणार नाही. पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. ३. वरचं लिहून झालं आणि माय समोर येऊन बसली. तिला वाचता येत नाही, पण मी एवढं लांबलचक कधी लिहीत नाही हे तिला कळतं. तुझं नाव घेऊन म्हणाली, "ममताले लिखस का?" मी हो म्हटलं. बराच वेळ बबलूच्या पायांवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "तठे पोरगाले ताक भेटस का?" मी म्हटलं, भेटतं. म्हणाली, "मंग जा. मन्ही फिकर करू नको."

म्हणून ता. क. २ मधली विनंती आता रद्द समज. तिच्याऐवजी ही. आम्ही जाऊ त्या दिवशी तू येऊ नकोस, त्या दिवशी गल्लीभर माणसं असतील. तू दुसऱ्या दिवशी सकाळी ये, पहिल्या एसटीने. आणि आठ दिवस राहा.