कपाटाला कुलूप

६ सप्टें. २००४
वॉर्डातल्या काट्यावर उभी राहिले. ९४. बीपीची गोळी वाढली. डॉ. म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच पेशंटना सांगता ना?" सांगते की. रोज सांगते.

संध्याकाळी चहा घेताना ह्यांना सगळं सांगून टाकलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच. आई-बाप द्राक्षाच्या कामाला निफाडला, मी सुरगाण्याकडे आश्रमशाळेत, सहाव्या वर्षापासून. जिचं ताट आधी रिकामं तिलाच दुसरी भाकरी. म्हणून न चावता गिळायचं. दुसरीतली अर्धी पेटीत, कपड्यांखाली. अजूनही ड्यूटीवरून आले की कपाट उघडून उभ्यानंच खाते, कुणी नसताना. भूक नसते. संपेल, एवढंच वाटतं.

"बरं झालं सांगितलंस," म्हणाले. हलकं वाटलं.

११ सप्टें.
घरी आले तर स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप. सासूबाई टीव्हीसमोर. "तुझ्याच भल्यासाठी गं. तो म्हणाला, तिला लहानपणापासून चोरून खायची सवय आहे."

चोरून. मी हा शब्द वापरला नव्हता. माझ्या वाटणीची भाकरी होती ती.

१२ सप्टें., रवि.
हे म्हणतात, "आईला सांगितलं तर काय बिघडलं? घरातलीच माणसं." किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खिशात. भूक लागली की मागायची म्हणे. मी. अडतीस वर्षांची बाई, हाताखाली सहा नर्सेस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

२० सप्टें.
नणंदेचा फोन. "वहिनी, पेटीत भाकऱ्या लपवायचात?" आणि हसली. म्हणजे तिथवर पोचलं.

किल्ली एकदाही मागितली नाही. हॉस्पिटलबाहेरच्या गाडीवर वडापाव. आधी दोन, मग आणखी एक. काट्याकडे फिरकलेच नाही.

३ ऑक्टो., रवि.
आई आली. छाटणीला निफाडला निघालीय, वाटेत उतरली. या वयात! ऐकत नाही. आल्या आल्या माझा दंड चाचपला. "लय बरं झालं. अंगाला लागलं तुज्या." तिच्या लेखी मी जिंकले. आणलेलं नागलीचं पीठ ठेवायला कपाटाकडे गेली.

"कुलूप कशाला गं? चोर येतो का?"
"मांजर येतं," मी म्हणाले.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. ह्यांनी पेपर वर केला. कुणीतरी बोलावं असं वाटत होतं, आणि बोलू नये असंही.

"आमच्याकडं कुलूप लावन्यासारखं कधी कायच नव्हतं, बाई." असं म्हणून आईनं पीठ ओट्यावरच ठेवलं.

तिचाही राग आला. मला आश्रमशाळेत सोडून जायची म्हणून. काय करणार होती ती, कळतं. तरी आला.

४ ऑक्टो.
आई सकाळच्या एसटीनं गेली. ऑफिसला निघताना हे ओट्यापाशी आले. "चुकलंच माझं. ही किल्ली आजपासून तुझ्याकडे ठेव."

मी पीठ मळत होते. म्हटलं, हात भरलेत. मग ती टेबलावर ठेवून गेले.

भाकरी बसून खाल्ली. सावकाश खायचं ठरवलं होतं, जमलं नाही. किल्ली तिथंच आहे. कुलूपच काढून टाकावं, हे काही त्यांना सुचलं नाही. मी सांगणार नाही. बघू, सुचायला किती दिवस लागतात.