आकड्याच्या जागी ‘लई’

लातूर, १० मे २०१६

प्रिय आबा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं. फोनवर एक नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र.

कॉम्प्युटरवर बसून पाणी कसं वाटता, असं तुम्ही विचारलं होतं. आमच्या कंपनीने टँकरच्या नोंदींचा प्रोग्रॅम केलाय. त्यातला डेटाबेस अगदी साधा. वस्तीचं नाव दिलं की त्या नावावर जे ठेवलं असेल, ते परत देतो. ठेवलेला आकडा आहे की अक्षर, हे तो बघत नाही.

गेल्या आठवड्यात शिरूर अनंतपाळकडच्या एका वस्तीवरून केवळाबाई ऑफिसात आल्या. त्यांच्याकडे टँकर यायचाच थांबला होता. हळूच म्हणाल्या, “आमी माणसांत न्हाई का, बाई?”

शोधलं तर वस्तीतल्या माणसांच्या आकड्याच्या जागी लिहिलं होतं, ‘लई’. प्रोग्रॅमला तो आकडा वाटेना, त्याने शून्य धरलं. शून्य माणसांना पाणी कशाला पाठवेल?

त्याच दिवशी टँकर पाठवला. डेटाबेस तोच ठेवला, पण त्याच्या तोंडाशी साचा बसवला. नाव अक्षरांत, माणसं आकड्यात, तारीख तारखेसारखीच. साच्यात न बसणारी नोंद आता भरतानाच अडते. आकडा ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायची सोय आहे. मग आमच्यातलं कुणीतरी जाऊन मोजतं.

काम झालं, तरी ‘लई’ लिहिणारं माणूस कोण, हे मला बघायचंच होतं. मोबाइलवर ती नोंद टँकरच्या ड्रायव्हरने भरली होती. टँकर भरतात तिथे गेले. तो पाइप धरून उभा होता. वाळलाय. दाढी राखलीय.

“मोजू कसा, ताई? टाकीला माणसंच माणसं चिकटली व्हती. लई हायती, तेच लिवलं. खोटं न्हाई लिवलं.”

आबा, तो आपला भीमा होता.

कॉलेज सोडलं म्हणून तुम्ही पोटच्या पोराला उंबरा चढू नको म्हणालात, तेव्हापासून तो इथंच टँकर चालवून राहिलाय. एकाच गावात असून मला पत्ता नव्हता. टँकर भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. त्याने आधी तुमचंच विचारलं. तुम्ही त्याचं विचारता का, हे विचारायला मात्र त्याची जीभ वळली नाही.

बुद्धपौर्णिमेला मी जळकोटला येतेय. एकटीने यायचं का, एवढं कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
चांगुणा