न खेळता मिळालेले विजय

अण्णा, त्या तक्त्याबद्दल तुम्ही मला शेवटपर्यंत काही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तरी मी बहुधा खरं सांगितलं नसतं.

कारखान्याचे बास्केटबॉलचे दोन संघ होते, तुम्ही सांभाळत होतात तो ओतशाळेचा आणि दुसरा यंत्रशाळेचा. पुढच्या वर्षापासून एकच ठेवायचा, दहा वर्षांत ज्यानं जास्त सामने जिंकले तो, असं साहेबांनी ठरवलं. जो संघ बंद होईल त्यातली, खेळासाठीच घेतलेली हंगामी पोरं घरी जाणार होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून तक्ता करायला तुम्हीच माझं नाव सुचवलंत. "बापाची लेक. तक्ता कुणीकडे झुकणार ते दिसतंयच," असं साहेब म्हणाले, हे तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

ती संध्याकाळ अजून दिसते: बंगळुरात, बसवनगुडीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी दोन्ही संघांच्या वह्या पसरून बसले आहे. आई अवरेच्या, पावट्याच्या, शेंगा सोलते आहे, तुम्ही दारात उभे आहात. समोरचा संघ आलाच नाही, असे सामने तुम्ही तुमच्या वहीत वेगळे दाखवले आहेत. तारखेपुढे बारीक अक्षरात 'वॉकओव्हर'. मी ते एकेक करून खोडते.

"अगं, तेही विजयच की. लीगनं दिलेत आम्हाला."

"जे खेळलेच नाहीत ते मी मोजणार नाही, अण्णा."

"स्वल्प विचार तरी कर."

"केलाय."

"सरी, ठीक आहे," म्हणालात, आणि चपला घालून बाहेर पडलात.

तुमचा संघ थोडक्यात मागे पडला. पुढच्या रविवारी तुमचा कप्तान घरी आला, ओतशाळेत साचे भरणारा तो उंच मुलगा. बस म्हटलं तरी बसला नाही. "अक्का, आम्ही मैदानावर होतो. ते आले नाहीत. त्यात आमचं काय चुकलं?" मी काही बोलायच्या आत तुम्ही आतून म्हणालात, "तिला बोलू नकोस रे. तिचं गणित बरोबर आहे." काम गेल्यावर तो कोलारला आपल्या घरी परत गेला. तुम्ही त्यानंतर दोन वर्षं जगलात, पण मैदानाकडे फिरकला नाहीत.

यंत्रशाळेच्या वहीत वॉकओव्हर हा शब्द कुठेच नव्हता. सगळीकडे नुसतं 'जिंकलो'. पण त्यातल्या कितीतरी विजयांपुढे स्कोअरचा रकाना कोरा होता, आणि खेळलेल्या सामन्याचा रकाना कोरा राहत नाही. ते कोरे रकाने मला त्याच संध्याकाळी दिसले होते. तेही वगळले असते तर तुम्ही पुढे असता, आणि साहेब म्हणाले असते, बघा, झुकला. मी ते सगळे विजय धरले, तक्ता शाईनं पक्का केला आणि खाली सही केली.

आईला हे ठाऊक नाही. काय लिहितेस एवढं, असं तिनं आत्ता विचारलं. ऑफिसचं आहे, म्हणाले.