दोन साहेब, एक तोरण

आदरणीय इस्तारीभाऊले धाकट्या ताराचा पाया पडून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? गोदावरीचं पाणी उतरलं का? वयनीले सांग, उन्हात फिरू नको (ती ऐकणार नाई, तरी सांग). फोन सोडून पत्र काऊन धाडलं म्हणशीन. फोनवर तू मधातच बोलतो. पत्रात तुले मधात बोलता येत नाई. चार वर्गाच्या शाळेचा मले एवढाच फायदा झाला.

सगळ्यात आधी हे वाच, की यंदाच्या पोळ्यात आपल्या घराचा मान राह्यला. तू माझ्याकडं ठेवून गेलेली जोडी, कोसा अन् लाल्या, तोरणाखाली पह्यली उभी होती. आता मान कसा राह्यला ते बसून वाच. (उभ्यानं वाचशीन तर गुडघा दुखंन, अन् वयनी मलेच बोल लावंन.)

तू सिरोंच्याले गेला तेव्हा आपल्या घरासमोर रोड होता. आता हायवे आहे. आपण अल्याड, पोळा भरते ते आखराचं मैदान पल्याड, अन् मधातून धानोऱ्याकडचे ट्रक असे पळतात जसा मागं वाघ लागला आहे. दोन माणसं आडवी झाली तर त्यांच्या बाजूनं गाडी काढतात. म्हणून चौकात सिग्नल लावला. लावला म्हणजे खांब गाडला. खांब सरकारी हायवेवाल्या साहेबाचा, लाईट अन् तिचं बिल नगरपंचायतीच्या साहेबाकडं. हा म्हणे, त्यांनी लाईट द्यावी. तो म्हणे, त्यांनी आधी खांब आमच्या ताब्यात द्यावा. पोरगी मांडवात उभी अन् दोन्ही मामा रुसून बसले, तशी गत! होळीपासून ते तीन डोळे मिटूनच होते. आजूबाजूच्या बाया खांबाले दोरी बांधून लुगडे वाळू घालत होत्या. मी दोन्ही हापिसात गेली. दोघांनीही खुर्ची दिली, चहा पाजला अन् दुसऱ्याच्या हापिसाचा रस्ता सांगितला. तो रस्ता मले पाठ झाला, भाऊ. डोळे बांधून सोड, बरोबर पोचीन.

इकडं आपला मान घ्याले पत्रू मिशीले तूप लावून तयार. त्याचं घर आखराच्या बाजूनं, जोडी खुट्यावरून सुटली की तोरणाखाली. अन् आखराचा कायदा तुले माहीत आहे (हे वयनीसाठी लिहून राह्यली): मानाची जोडी आल्याशिवाय तोरण तुटत नाई, पण दिवस बुडेपर्यंत ती आलीच नाई तर मान मागच्या जोडीले जाते, अन् गेलेला मान परत येत नाई. आपल्या मागं पत्रूचीच जोडी. बाबाच्या वेळचा मान एका बंद लाईटीपायी पत्रूच्या घरी! मले भात गोड लागेना.

मंग मी डोकं चालवलं. हायवेच्या साहेबाले म्हटलं, साहेब, यंदा तोरण तोडाचा मान तुमचा. तिथून निघाली ती नगरपंचायतीत गेली, अन् त्या साहेबालेही हेच सांगितलं. दोघंही असे फुलले की फेटा कोणत्या रंगाचा बांधू म्हणून विचारत होते. दोघांलेही गुलाबी सांगितला.

पोळ्याच्या दिवशी हायवेचा साहेब आखरावर जाऊन बसला, अन् नगरपंचायतीचा मानाच्या जोडीसंगं मिरवत जायले आला आमच्याकडं, अल्याड. मधात ट्रक. बैल शिंगाले बेगड लावून उभे, ऊन उतरून राह्यलं, अन् पल्याडून पत्रूनं भोंग्यावर पोळ्याच्या गाण्यातली झडती म्हटली:

"खांब सरकारचा, दिवा गावचा, रोडच्या पल्याड मान राह्यला नावाचा! हर हर महादेव!"

असं रक्त तापलं माझं! तेवढ्यात आमच्या साहेबाले पल्याडचा फेटा दिसला.

"बाई, तो काऊन गुलाबी बांधून तोरणाजवळ उभा आहे?"

"पावणा असंन, साहेब. पण तो तिथी अन् तुम्ही इथी."

त्यानं फोन काढला. पल्याडच्यानंही काढला, कारण जोडी आली नाई तर पत्रूचा व्याही तोरण तोडणार हे त्याले भोंग्यावरून समजलं होतं. रोडच्या दोन काठांवर दोन फेटे एकमेकाकडं पाहून हात नाचवत होते. आधी भांडले. मंग आवाज उतरले. मंग आमचा साहेब ओरडला, "घेतला, ताब्यात घेतला! चढव रे माणूस!" लाईनमन मिथुन लुगड्याची दोरी बाजूला करून चढला, अन् भाऊ, लाईट आली! ट्रकांले लाल, आपल्याले हिरवी. ट्रक कच्चकन थांबले.

आता झालं म्हटलं, तर आपली जोडी हलेना. कासरा तुझ्या भाटव्याच्या हातात. (माझा नवरा, दुसरं काय होणार.) चौकभर माणसं टाळ्या वाजवून राह्यली, साहेब घसा फोडून राह्यला, "हिरवी झाली, चला!" अन् हा माणूस शांतपणे म्हणते, "लाईनीत उभे आहो साहेब. तोरण कुठी तुटलं?" पोळ्यात तोरण तुटेपर्यंत जोड्या लाईनीतच उभ्या राह्यतात, अन् एवढे ट्रक लाईनीत थांबलेले पाहून त्याले वाटलं, पोळा इथीच भरला! मागच्या जोडीवाल्यांलेही तेच वाटलं, अन् एकानं ट्रकाच्या आरशाले बेगड लावली. हिरवी गेली. परत लाल. ट्रक सुटले. मी कपाळ बडवलं. पुढच्या हिरवीले मी कासरा हिसकला अन् म्हटलं, "तोरण गेलं खड्ड्यात, चला!" कोसा-लाल्या माझा आवाज ओळखतात. नवराही ओळखते. सगळे एका दमात पल्याड.

दिवस टेकला होता, बुडाला नव्हता. जोडी तोरणाखाली गेली, अन् दोन्ही साहेबांनी तोरणाचे दोन टोकं धरून असं ओढलं की मधातून तुटलं. दोघंही म्हणाले, मी तोडलं. अर्धे अर्धे आंब्याचे पानं घेऊन हसत घरी गेले. त्या रात्री आपल्या दारात एवढे लोक जेवले की पुरण दोनदा शिजवलं. पत्रूही आला. तोंड वाकडं होतं, पण पोळ्या सरळ खाल्ल्या.

लहानांले मुके, मोठ्यांले नमस्कार. मधातले फोनवर असतात, त्यांले काही नाई.

तुझी बहीण
तारा

ता.क. पोळ्याच्या चौथ्या दिवशी लाईट बंद झाली. बिल कोणाचं यावर परत सुरू. मी दोघांलेही दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या उद्घाटनाचं बोलावणं देऊन आली, अन् खुर्ची एकच आहे असं सांगितलं. संध्याकाळी लाईट आली.

आणखी ता.क. तू म्हणाला होता, पोळा झाला की जोडी सिरोंच्याले धाडून दे. धाडत नाई. जोडी गेली तर मान पत्रूचा. मान तुझ्या नावाचा राहू दे, शेण माझ्या वाट्याचं. तुले तोटा काय? अन् जोडी न्याले गाडी घेऊन येशीन, तर याच चौकातून यावं लागंन. लाईनमन मिथुनले मी जेवाले बोलावलं आहे.