फोटोतली ठिगळाची पिशवी

नांदूरघाट, शुक्रवार संध्याकाळ, १९९५

पेपर बघून आज डोकंच फिरलं. पहिल्याच पानावर परवाच्या प्रचारसभेचा भला मोठा फोटो आणि खाली ‘सभेला लोटला जनसागर’. त्या उमेदवारानं मुद्दाम बाजाराच्या दिवशी, भर बाजारात सभा ठेवली. तिथं गर्दी तर दर आठवड्याला असतेच! पण फोटो बघून यांचा धीरच सुटला. म्हणाले, "सगळं गाव तिकडं गेलंय. आपण कावून उलटं मत द्यायचं?" छापलं की खरंच वाटतं का माणसाला? मलाही क्षणभर वाटलंच की.

तेवढ्यात सासूबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "अगं, ही मीच की! ही बघ माझी ठिगळाची पिशवी." खरंच त्याच होत्या. स्टेजकडं पाठ करून मिरचीवालीशी घासाघीस चाललेली!

मग मी पेपर पिठाच्या गिरणीवर नेला. तिथं जो तो स्वतःला शोधायला लागला. शेजारचे चाचा शेळीचे दात बघत होते, गिरणीवाला चपलेला टाका घालून घेत होता. लई हसलो. किती दिवसांनी या निवडणुकीवर कुणी हसलं असेल!

मी घरी आले तर यांनी पेपर मागून घेतला नि दारात बसले. बराच वेळ एकेका डोक्यावर बोट फिरवत होते. शेवटी ते बोट ठिगळाच्या पिशवीवर थांबलं.

"आई न्हाई, चाचा न्हाई," हे म्हणाले. "मग त्याच्याकडं बघतंय तरी कोण?"