धुतलेलं विरजण

व्हॉस, ता. ९ नोव्हेंबर १९५४

ती. आगोटताईस,
बोर्गहिल्डचा सा. न. वि. वि.

लोकरी मोजे मिळाले. बर्गनला सगळे बरे आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं. इथलं मात्र बरं नाही. झटका आल्यापासून मामंजींचा उजवा हात लुळा पडलाय आणि जीभ जड झालीय. नाताळ दिसेल असं डॉक्टर काही छातीठोक सांगत नाहीत. माझा नवरा ओद्वार देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर, तो वसंताशिवाय येत नाही.

त्यात मामंजींनी एक खूळ काढलंय. इथे माणूस गेला की दफनाला आलेल्यांना घरची बिअर द्यावी लागते. ती आपली आपण जिवंत असतानाच काढायची आणि आधी चाखून बघायची, असा त्यांनी धोशा लावलाय. म्हणतात, मेल्यावर लोक काय गढूळ पाणी पितील याचा भरवसा नाही. काढायची मी, शिकवणार ते, पलंगावरून, काठी आपटून. जव भिजवून मोड आणले, वाळवले, भरडले. जुनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या घालून पाणी उकळायचं तेही जमलं. काल तर चक्क मान हलवून बरं म्हणाले.

आणि मग मी माती खाल्ली, ताई. बिअर फसफसायला विरजण लागतं ते इथे विकत आणत नाहीत. मागच्या खेपेच्या बिअरचा तळाचा साका लाकडाच्या गोल कडीवर वाळवतात आणि ती कडी माळ्यावर टांगून ठेवतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भांडी लखलखीत हवीत असं मामंजी शंभरदा बजावत होते, म्हणून मी ती मळकट कडीही सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातली आणि ब्रशने खसाखसा घासली. पणजोबांपासून चालत आलेलं विरजण मोरीतून वाहून गेलं. संध्याकाळी त्यांनी कडी मागितली. मी म्हटलं, उद्या माळ्यावरून काढते. ताई, मला फार भीती वाटतेय. त्यांचं आता एवढंच एक मागणं उरलंय, आणि तेच मी बुडवलं.

लगेच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बोर्गहिल्ड

~

बर्गन, ता. १२ नोव्हेंबर १९५४

चि. बोर्गहिल्ड हिस,
आगोटताईचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी आईची शहाजिऱ्याची बरणी शहाजिऱ्यासकट धुऊन ठेवणारी तूच ना? सवय काही गेली नाही तुझी. असो, रडत बसू नकोस. सोबत पाववाल्याकडचं विरजण पाठवतेय, ते घाल आणि तोंड मिटून बस. आजारी माणसाच्या जिभेला काय कळणार आहे?

ते नकोच असेल तर शेजारी माग. तूच मागे लिहिलं होतंस, की तुमच्या खोऱ्यात विरजण मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. पण म्हाताऱ्याला सांगू नकोस. खरं बोलायची हौस तू धडधाकट माणसांपाशी भागव.

जेवत जा वेळेवर. आमची आठवण राहू दे.

तुझी,
आगोटताई

~

व्हॉस, ता. १९ नोव्हेंबर १९५४

ती. आगोटताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पुडी उघडली. वास पावाचा. आमच्या बिअरला संत्र्याच्या सालीसारखा वास असतो, तो मामंजी झोपेतही ओळखतील. पुडी ठेवून दिली, तिचे पाव करीन.

चालत जाण्याजोग्या अंतरावर आता एकच घर बिअर काढतं, आणि ते आहे स्टाइनारकाकांचं. मामंजींचे हे सख्खे धाकटे भाऊ वरच्या वाडीत राहतात. रानाच्या हद्दीवरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. मी वर गेले. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. मग म्हणाले, त्यांचंही विरजण एकदा नासून गेलं होतं. भांडण विसरून ते रिकामी बरणी घेऊन आमच्या दारात आले होते. मामंजींनी नाही म्हटलं. या खोऱ्यात असं कुणी कधी केलेलं नाही, ताई.

पुढे त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, मार्ता, नवऱ्याला न सांगता वर गेल्या आणि विरजण देऊन आल्या. म्हणजे काकांकडे आहे ते आमचंच. त्यांनी मला बरणी भरून दिली. रीत अशी, की विरजण देणाऱ्याला पहिल्या घोटाला बोलवायचं. पण काका म्हणाले, मला बोलावू नकोस, त्याला सुखाने पिऊ दे, त्याची त्याला चव मिळेल.

इतके दिवस मामंजींना काही ना काही सबब सांगत होते, घरी येऊन एकदाचं विरजण घातलं. ते घालताना मोठ्याने ओरडायचं असतं, नाहीतर बिअर मिळमिळीत होते म्हणे. मला मेलीला लाज वाटली, कशीबशी ओरडले. आतून काठी आपटली. दुसऱ्यांदा अशी किंचाळले, की गोठ्यात गाई उभ्या राहिल्या. आता पिंप फसफसतंय आणि घरभर संत्र्याचा वास सुटलाय. मामंजींना वाटतंय, कडी माळ्यावरचीच. काकांना बोलवू की नको? बुधवारी चाखायची आहे.

लोभ आहेच, तो तसाच राहावा.

तुझी,
बोर्गहिल्ड

~

बर्गन, ता. २२ नोव्हेंबर १९५४

चि. बोर्गहिल्ड हिस,
अनेक आशीर्वाद.

अजिबात बोलावू नकोस. ते स्वतःच नको म्हणताहेत, तर तुला कसली आलीय घाई? तुझ्या सासऱ्याला दुसरा झटका आला तर जन्मभर तुझ्या डोक्याला ताप. शिवाय मेलेल्या सासूचं गुपित तू कोण फोडणार? एकदा तरी माझं ऐक.

घाईत लिहिलंय, पण काळजीपोटी. गोड मानून घे.

तुझी,
आगोटताई

~

व्हॉस, ता. २५ नोव्हेंबर १९५४

ती. आगोटताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. ज्याने दिलं त्याला न बोलावणं म्हणजे दुसऱ्यांदा दार लावणंच, असं मला वाटत राहिलं. पुन्हा वर गेले आणि काकांना बुधवारचं सांगून आले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

काल मामंजींना उशीला टेकवून बसवलं आणि लाकडी वाडगा ओठांशी धरला. एक घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाले, माझीच आहे, जशीच्या तशी. मला पहिल्यांदाच 'मुली' अशी हाक मारली. मी तेवढ्यावर गप्प राहिले असते गं, पण तेवढ्यात काका दारात उभे.

मामंजींनी विचारलं, हा इथे कशाला. मी एका दमात सगळं ओकून टाकलं, सोडा, ब्रश, मोरी, बरणी. फक्त सासूबाईंचं नाव घेतलं नाही. मामंजींनी वाडगा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काका टोपी हातात घेऊन निघाले, तर मी दारात आडवी उभी राहिले. कुठून आलं बळ कोण जाणे.

तेवढ्यात भिंतीकडूनच प्रश्न आला, की चव तर आपल्या घरचीच, मग स्टाइनारला विरजण कुणी दिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मार्ताने.

मामंजी हललेच नाहीत. मला वाटलं, झालं, मी मारलं यांना. मग त्यांनी विचारलं, ती वर आली तेव्हा बर्फ होतं का. काका म्हणाले, कमरेइतकं होतं. विरजण गोठू नये म्हणून तिने ते फडक्यात बांधून छातीशी धरून आणलं होतं. आणि म्हणाली होती, तुला नाही म्हटल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

ताई, मामंजी रडले. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग मला खुणेने उठवून बसवायला सांगितलं. मी भरवायला वाडगा उचलला तर माझा हात बाजूला केला, स्वतःच्या डाव्या हातात वाडगा घेतला आणि भावापुढे धरला. अर्धी बिअर गोधडीवर सांडली. काकांनी दोन्ही हातांनी तो वाडगा घेतला आणि उरलेली सगळी प्यायले.

आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
बोर्गहिल्ड