चव्वेचाळीस नंबरची पकड

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रथिनाचं मॉडेल झालं. हे प्रथिन जंतूच्या डीएनएला धरून बसतं आणि एक जनुक बंद ठेवतं. पकड सुटली की जनुक चालू, मग जंतू आपलं औषध सरळ बाहेर ओकून टाकतो. तेव्हा पकड सुटू द्यायची नाही, बस्स. ती नेमकी कुठे आहे ते मी शोधलं : चव्वेचाळीस नंबरचं अमिनो आम्ल. खाचेत बोट घालावं तसं डीएनएत बसलंय. देखणं.
कॉम्प्युटरनं तेवढाच भाग केशरी दाखवला. म्हणजे त्याला खात्री नाही. रंग बदलून निळा केला.

५ फेब्रुवारी
बायकोला दाखवलं. ती पलीकडच्या लॅबमध्ये खरंखुरं प्रथिन बनवते. निळा का, म्हणाली. म्हटलं, खात्री आहे. कुणाची, असं तिनं विचारलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

१० फेब्रुवारी
बॉस खूश. (न बोलता मागे येऊन उभे राहतात, म्हणून त्यांना आम्ही 'हळूच' म्हणतो.) हळूचनी केमिस्टबाईंना सांगितलं, ही पकड घट्ट करणारा रेणू बनवा. बाई लेकीकडे जाणार होत्या, नात झालीय. रजा रद्द केली. विज्ञानासाठी त्याग करावाच लागतो. मीही शनिवारी येणार होतो, पण डोकं ताजं हवं.

१९ फेब्रुवारी
जेवताना बायकोनं सांगितलं : तिनं चव्वेचाळीस नंबर काढून तिथे दुसरंच काहीतरी बसवलं, तरी प्रथिन डीएनएला तेवढंच घट्ट धरून आहे. मी समजावलं, प्रयोगात चुका होतात. पुन्हा पुन्हा करून पाहिलंय म्हणाली. चूकही पुन्हा पुन्हा होऊ शकते, हे मी शांतपणे सांगितलं. ती ताट घेऊन उठली.
संकल्प : घरी कामाचं बोलायचं नाही.

२० फेब्रुवारी
बोललो. सुरुवात तिची. म्हणे हे प्रथिन एकटं बसतच नाही, दोन-दोन मिळून बसतात आणि मी एकच घेतलंय. केमिस्टबाईंना थांबव, नाहीतर मी सांगते. मी आठवडा मागितला. "तू सांगितलंस तर बरं," एवढंच म्हणाली.

२४ फेब्रुवारी
बाई जिन्यात भेटल्या. बोटांवर डाग, डोळे लाल. रेणू बनवायची शेवटची पायरी जमत नाहीये म्हणाल्या. पकड तिथेच आहे ना, नक्की? छातीत धडधडलं. कॉफी कमी करायला हवी. नक्की, म्हणालो.

२७ फेब्रुवारी
आज सांगणारच होतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. बाई फोनवर नातीचे हुंकार ऐकत होत्या. मध्येच जाणं बरं दिसत नाही. घरी म्हटलं, बोलणं सुरू आहे. बायको बराच वेळ बघत राहिली. पुढे काही विचारलं नाही. विश्वास म्हणतात तो हा.

४ मार्च
दोन प्रथिनं घालून मॉडेल चालवून पाहिलं. नुसती गंमत म्हणून, दाराला कडी लावून. सगळं आपोआप निळं आलं. चव्वेचाळीस नंबर डीएनएकडे पाठ करून बसलाय. कॉम्प्युटर फार तापला होता, त्यामुळे असेल.

६ मार्च
मीटिंग. रेणूचा परिणाम शून्य. प्रथिन खुशाल सुटलं. हळूचनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलं असेल, पुन्हा बनवते. बायको माझ्याकडे बघत होती. मी ग्लास तोंडाला लावला. रिकामा होता.
मग ती उभी राहिली. "बाईंचा रेणू बरोबर आहे. मॉडेल चुकलंय. मला आधीच माहीत होतं, मी बोलले नाही. ती चूक माझी."
मी दुजोरा देणार होतो. तोवर मीटिंग संपली.

७ मार्च
प्रोजेक्ट बायकोकडे. मी तिच्या हाताखाली. घरातल्या घरातच राहिला, हे चांगलं झालं. ती सकाळी एकटीच पुढे निघून गेली. जबाबदारी वाढली की असं होतं.
संध्याकाळी बाईंच्या लॅबमध्ये गेलो. त्या सामान आवरत होत्या. भाषण पाठ केलं होतं : मॉडेल म्हणजे शेवटी एक अंदाज, वगैरे. त्यांनी मध्येच थांबवलं.
"तुम्हाला माहीत होतं का?"
नाही म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून हो निघालं.
बाईंनी मान हलवली. पर्स खांद्याला लावली, दिवा बंद केला, दार ओढून घेतलं.
मी अजून आतच होतो.